मास्तरांचं दोन डोळ्यांचं घड्याळ

छोटूकाका हा माणूस अंगापिंडाने दाराच्या चौकटीएवढा. भावंडांत शेंडेफळ म्हणून घरात छोटू म्हणायचे. पुढे केस पिकायला लागले तेव्हा लोकांनी 'छोटू' काढलं नाही, त्यालाच 'काका' जोडून दिलं. नोकरी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात, हेडक्लार्कची. सगळ्या गावाचं येणं आणि जाणं त्यांच्या सहीने पक्कं व्हायचं, पण ह्यांचं स्वतःचं म्हणून काही पक्कं नाही. घरातला सोफा वर्षातून इतक्यांदा भिंत बदलायचा की काकू बसण्याआधी हाताने चाचपून बघत. चष्म्याची फ्रेम, डोक्याचा भांग, चहातली साखर, एकही गोष्ट ह्यांच्याकडे धड सुखाने नांदली नाही. बायको तेवढी टिकली. ती कशी टिकली हे एक नवलच आहे, आणि ते नवल काकूंनाही वाटायचं.

अशा माणसाला घड्याळांचा नाद लागावा, आणि तोही क्रोनोग्राफचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता शर्यतही मोजणारं मनगटी घड्याळ. कडेला चावीच्या वर-खाली दोन बटणं असतात. एक दाबलं की लांब काटा पळायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, दुसरं दाबलं की शून्यावर येतो. मोठ्या तबकडीच्या पोटात लहान लहान तबकड्या असतात, त्यांना छोटूकाकांच्या मंडळात 'डोळे' म्हणत. दोन डोळ्यांचं, तीन डोळ्यांचं. आता नोंदणी कार्यालयातल्या माणसाला असं काय मोजायचं असतं, हे विचारू नये. मंडळात कुणालाच काही मोजायचं नव्हतं.

मंडळ म्हणजे तरी कोण? एक दातांचे डॉक्टर, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, एक चष्मेवाला आणि छोटूकाका. रविवारी पाळीपाळीने एकेकाच्या घरी बैठक. नियम दोनच. घड्याळाला घड्याळ, पैशाची भाषा नाही. आणि एकदा दिलेलं घड्याळ परत मागायचं नाही. 'परत' हा शब्द त्या बैठकीत काढणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत शिंकणं.

बाकी मंडळाची आवड म्हणजे वारा प्यायलेलं वासरू. आधी सगळ्यांना बशीएवढी घड्याळं हवी होती, तीन डोळ्यांची, पोलादी, सदऱ्याच्या बाहीत न मावणारी. बाईंचं मनगट काटकीसारखं, त्यावर ते धूड बघून भाजीवाली काळजीने विचारायची, "हाड मोडलं का हो?" मग काळ्या तबकडीचे दिवस आले. मग निळ्या. मग एकाएकी जुनी, पिवळट पडलेली तबकडी बघून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. ह्या सगळ्या उलथापालथीत पहिला पाय कुणाचा, तर छोटूकाकांचा. मंडळात त्यांची ख्यातीच होती की छोटूकाकांना आज ज्याचा कंटाळा आला, त्याचा इतरांना दोन महिन्यांनी येणार. खरं तर तो माणूस नुसता बेचैन होता. पण चार लोक मागून यायला लागले की बेचैन माणसालाही आपण पुढारी आहोत असं वाटू लागतं.

बशीच्या दिवसांतच ते पाप घडलं. छोटूकाकांकडे एक बारकं, दोन डोळ्यांचं, चावीचं घड्याळ होतं. ते त्यांच्या सासऱ्यांचं. सासरे शेजारच्या गावात शाळेत खेळाचे मास्तर. उभ्या नोकरीत शाळेच्या सगळ्या शर्यती त्यांनी त्या घड्याळावर मोजल्या. काकूसुद्धा लहानपणी त्याच मैदानावर, त्याच घड्याळापुढे पळाल्या. निवृत्त झाले त्या दिवशी मास्तरांनी ते जावयाच्या हातात बांधलं आणि म्हणाले, "आता मला कुणाला पळवायचं नाही. तुम्ही सांभाळा." आणि छोटूकाकांनी काय केलं? बशीची हौस आली तेव्हा ते उचलून डॉक्टरांना दिलं, आणि बदल्यात काळंकुट्ट तीन डोळ्यांचं धूड घेतलं. ते धूड पुढे चष्मेवाल्याकडे गेलं, त्याच्या बदल्यात निळं आलं, निळ्याच्या बदल्यात नारिंगी काट्याचं एक आलं, आणि ते मात्र जाईना. नारिंगी काटा कुणालाच नको होता. दरम्यान काकूंनी विचारलं, "बाबांचं घड्याळ कुठंय?" छोटूकाका म्हणाले, "दुरुस्तीला टाकलंय." त्याला बरेच महिने झाले होते. एवढ्या वेळात माणसाचं काळीज दुरुस्त होऊन येतं.

मग एका सकाळी मास्तरांचा फोन आला. शाळेच्या मैदानावर नवीन धावपट्टी झाली होती. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम, आणि पहिली शर्यत मास्तरांनी मोजायची असं शाळेने ठरवलं होतं.

"तेवढ्यापुरतं माझं घड्याळ द्या," मास्तर म्हणाले. "शाळेचं नवं यंत्र आहे म्हणे, पण मला त्यातलं कळत नाही. रविवारी संध्याकाळी येतो, घेऊन लगेच जातो. कार्यक्रम झाला की आणून देईन."

"आणून कसले देता, तुमचंच आहे," छोटूकाका म्हणाले. त्यांनी घाईने फोन ठेवला.

काकूंचा चेहरा नुसता उजळला होता. "बरं झालं. दुरुस्तीवाल्याला सांगा, शनिवारपर्यंत हवं म्हणावं. बाबा त्या घड्याळाशिवाय मैदानावर उभे राहिलेले मी कधी पाहिले नाहीत." हे ऐकून छोटूकाकांनी सोफा उचलला आणि खिडकीखाली नेऊन ठेवला.

असल्या प्रसंगी माणसाने स्वतःच्या बुद्धीने काय ते करावं. पण छोटूकाकांच्या दारासमोर दुसरं एक दार होतं, आणि त्या दारात समोरचे उभे असत. समोरचे म्हणजे भूमापन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे लोकांच्या भानगडीतही त्यांना हद्द अशी दिसत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छोटूकाका, मागायचं नाही. मागितलं की किंमत वाढते. आपल्याला ते नकोच आहे असं दाखवा. सहज गेलो होतो, असं."

आता दातांच्या दवाखान्यात माणूस सहज कसा जाणार? तेव्हा छोटूकाकांनी दाढ दुखतेय असं सांगितलं. दाढ ठणठणीत होती. खुर्ची मागे कलली, वर दिवा लागला, आणि "आ करा" म्हणत डॉक्टर वाकले. रबरी हातमोज्याच्या वर, मनगटावर, मास्तरांचं घड्याळ. छोटूकाकांच्या नाकापासून वितभरावर. इतक्या जवळून त्यांनी ते स्वतःच्या हातातही कधी पाहिलं नव्हतं. दोन लहान तबकड्या, मधोमध पातळ काटा, काठाला नाजूक आकडे. किती गोजिरवाणं होतं ते. छोटूकाकांना भरून आलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"इतकं दुखतंय?" डॉक्टर म्हणाले. "मग आत कीड असणार." आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.

तोंडात नळी, जबडा सताड उघडा, अशा अवस्थेत माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. चांगली दाढ कोरून, भरून, वर घासून झाली. खाली उतरले तेव्हा अर्धा गाल बधिर, आणि समोरच्यांचा सल्ला डोक्यातून पार गेलेला. जड जिभेने ते बोलून बसले, "डॉक्टर, ते तुमचं बारकं आणि माझं नारिंगी काट्याचं, करूया का अदलाबदल?"

डॉक्टरांनी मनगटाकडे पाहिलं. "बारकं कशाला हो तुम्हाला? तुम्हीच तर म्हणाला होतात, बारकी घड्याळं पोरासोरांना."

"म्हणालो होतो. पण आता मोठ्यांचे दिवस गेले," छोटूकाका म्हणाले. "आता बारकंच."

झालं. डॉक्टरांनी हात मागे घेतला, बाही खाली ओढली, आणि एखादं तान्हं पोर झाकावं तसं घड्याळ झाकलं. छोटूकाकांना बारकं हवंय म्हणजे काही तरी आहे. "विचार करतो," ते म्हणाले, आणि दाढेवर दोन तास काही चावू नका असं सांगून त्यांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नोंदणी कार्यालयात नेहमीची रांग होती. खिडकीवर एक माणूस वडिलांच्या मृत्यूचा दाखला मागत होता. त्याच्या कागदावर एक शिक्का कमी होता, आणि तो शिक्का ज्यांच्याकडे असे ते रजेवर होते, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात होती. छोटूकाका त्याला हे समजावून सांगत होते, तेवढ्यात रांग मोडून एक काटकीसारखा हात खिडकीतून आत आला. त्यावर बशीएवढं काळं घड्याळ.

"आता ह्याचं काय करू, ते सांगा," बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, तुम्ही बारक्यावर आलात. मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. मी आपली अजून हे धूड वागवतेय."

"बाई, मी कामात आहे."

"बारकं म्हणजे दोन डोळ्यांचंच ना? चावीचं की आपोआप चालणारं?"

दाखला मागणारा माणूस म्हणाला, "अहो, माझे वडील गेलेत. ह्यांचं घड्याळ तर चालू आहे. मग ह्यांचं आधी का?" रांगेत हशा पिकला. साहेबांनी काचेआडून मान वर केली. सबंध कचेरीसमोर आपल्या अब्रूचे असे वाभाडे निघाल्यावर छोटूकाकांना दुसरं काही सुचेना. त्यांनी अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "चावीचं. दोन डोळ्यांचं. जुनं असेल तर उत्तम." बाई खूश होऊन गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "रविवारी बैठकीत तुम्ही ह्यावर सविस्तर बोला. पाळी तुमचीच आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात कुठलं असायला? रविवारी सकाळी मंडळ घरी येणार, आणि संध्याकाळी मास्तर. शुक्रवारपर्यंत चष्मेवाला दुकान बंद करून बारक्या घड्याळाच्या शोधात हिंडत होता. डॉक्टर एकाच वेळेला दोन पेशंटांना बोलावून बसले होते आणि हातातलं घड्याळ आंघोळीलाही काढत नव्हते, असं चष्मेवाला सांगत होता. ज्या वस्तूकडे ढुंकून बघायला कुणी तयार नव्हतं, तिला छोटूकाकांनी एका वाक्यात सोन्याचं करून ठेवलं, आणि ती नेमकी दुसऱ्याच्या मनगटावर होती. हसं झालं ते वेगळंच, आणि दाढ आता खरोखरच दुखायला लागली होती.

"सरळ जाऊन खरं सांगा की डॉक्टरांना," असं तुम्ही म्हणाल. छोटूकाकाही रात्रभर तेच म्हणत होते. पण खरं सांगायचं म्हणजे 'परत' म्हणायचं. ज्या माणसाच्या मागून सगळं मंडळ चालतं, त्याने सासऱ्याचं घड्याळ दिलं म्हणून रडत जायचं? आणि डॉक्टरांच्या तोंडून ते काकूंच्या कानावर गेलं म्हणजे? डॉक्टरांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

समोरच्यांनी दारातूनच तोड काढली. "आवड तुम्ही चढवलीत ना? मग तुम्हीच उतरवा. रविवारी भाषण आहे, त्यात त्या बारक्याची अशी खरडपट्टी काढा की डॉक्टर स्वतः काढून फेकतील. खाली पडलं की उचला."

सल्ला ऐकायला फार चांगला होता. समोरच्यांचे सगळे सल्ले ऐकायला चांगलेच असत.

रविवारी मंडळ जमलं. काकू भाजी आणायला बाजारात गेलेल्या. सोफा परत मधल्या भिंतीला आला होता, त्यावर बाई आणि चष्मेवाला, आणि खुर्चीवर डॉक्टर, बाही कोपरापर्यंत सारून, म्हणजे घड्याळ सगळ्यांना दिसावं. छोटूकाका उभे राहिले. पाठ दाराकडे. सुरुवात त्यांनी बेताने केली. म्हणाले, गेल्या आठवड्यात मी बारक्या घड्याळाविषयी काही बोललो. बोललो तेव्हा मला तसं वाटत होतं. पण मी चिंतन केलं. (चिंतन हा शब्द काढताच चष्मेवाला ताठ बसला.) आणि मला कळून चुकलं की ते बारकं घड्याळ म्हणजे निव्वळ दरिद्री वस्तू आहे.

डॉक्टरांचा हात किंचित खाली आला. तो दिसला, आणि छोटूकाकांना जोर चढला. बोलणाऱ्याला एकदा जोर चढला की आपण कुठे चाललोय हे त्याचं त्याला दिसत नाही. ते म्हणाले, "आणि असलं घड्याळ शोभणार तरी कुणाला? गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उन्हात उभ्या राहणाऱ्या खेळाच्या मास्तराला. ज्याला स्वतःला कुठे पोचायचं नाही, नुसतं दुसऱ्यांचं पळणं मोजायचंय. आयुष्यभर उभं राहून बटण दाबायचं, एवढीच ज्याची अक्कल. त्याने घालावं हे. आपण नाही."

डॉक्टरांनी पट्टा सोडला होता. घड्याळ काढून त्यांनी छोटूकाकांच्या तळहातावर ठेवलं. "घ्या हो," ते म्हणाले. "तुमचंच होतं. मला आता ते हातात बघवत नाही. नारिंगी काट्याचंही नको, तसंच घ्या."

छोटूकाकांनी मूठ मिटली. आठवडाभर ज्यासाठी जिवाचं पाणी केलं, ती वस्तू मुठीत होती, अजून डॉक्टरांच्या मनगटाने कोमट. त्यांना हसावं की रडावं कळेना. पण समोर बाईंची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली होती.

दारात मास्तर उभे होते. खेळाचा माणूस वेळेआधी येतो, तसे सकाळच्याच गाडीने आले होते. त्यांच्या मागे काकू, हातात भाजीची पिशवी. कोपऱ्यावर दोघांची गाठ पडली आणि दोघं बरोबरच जिना चढून आले. किती वेळचे उभे होते, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मास्तर आत आले. चपला कडेला नीट ठेवल्या. "बरोबर बोललात, जावईबापू," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मलाच शोभतं ते. बघू इकडे."

छोटूकाकांची मूठ उघडली. मास्तरांनी घड्याळ घेतलं, चावी दिली, कानाला लावलं. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग मनगटावर बांधलं.

काकू डॉक्टरांकडे बघत होत्या. "घड्याळं दुरुस्त करता का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"नाही," डॉक्टर गोंधळून म्हणाले. "मी दात करतो. हे तर गेल्या वर्षीपासून माझ्याकडेच आहे. ह्यांनीच दिलं होतं."

काकू पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. बाई मात्र बाईच. उठता उठता त्यांनी मास्तरांना विचारलंच, "तुम्ही देणार असाल तर माझ्याकडचं हे मोठं आहे." मास्तर म्हणाले, "नको. मला शर्यत मोजायचीय." मंडळात इतक्या वर्षांत हे कारण पहिल्यांदाच ऐकू आलं. सगळे गडबडीने निघाले. त्या गडबडीत चष्मेवाला छोटूकाकांच्या चपला घालून गेला.

जेवणं झाली. मास्तर धावपट्टीविषयी बोलले, पावसापाण्याविषयी बोलले, घड्याळाविषयी अक्षर काढलं नाही. दुपार कलली तसे ते उठले. आतल्या खोलीत छोटूकाकांनी पाहिलं तर काकू बॅग भरत होत्या. ते दाराच्या चौकटीत उभे राहिले, म्हणजे दार बंद झाल्यासारखंच.

"अगं, मला खरंच तेच हवं होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

छोटूकाकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दिल्यापासून."

"तेच म्हणते मी." काकूंनी साडीची घडी दाबून बसवली. "घड्याळाचं मला एवढं नाही. दिलंत, दिलंत. पण दुरुस्तीला टाकलंय म्हणालात, आणि मी बाबांना वर्षभर तेच सांगत राहिले, ते मला लागलं. आणि आज जे बोललात ते त्यांना लागलं, ते दाखवणार नाहीत. तुम्हाला हातातलं कधी आवडतच नाही हो. गेलेलं तेवढं आवडतं. मी आपली इतकी वर्षं इथेच, हाताशी." त्यांनी बॅगेची चेन ओढली. "मी बाबांबरोबर जाते. कार्यक्रम आहेच चार दिवसांवर. जरा जाऊन बघते."

"काय बघतेस?"

"गेल्यावर मी कशी दिसते ते."

काही तरी बोलायला हवं होतं, पण सकाळी ते इतकं बोलले होते की आता शिल्लकच काही नव्हतं. काकू त्यांच्या बाजूने वाट काढून बाहेर गेल्या. मास्तर दारात चपला घालत होते. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकल्यावर ते थांबले, मनगट वर केलं आणि वरचं बटण दाबलं. काटा पळायला लागला.

"हे काय?" छोटूकाकांनी विचारलं.

"सवय," मास्तर म्हणाले. "पोरांना मी कधी 'पळा' म्हणून ओरडलो नाही. बटण दाबायचो, बस. हे अर्ध्या तासापुढचं मोजत नाही, जावईबापू. पुढे गेलं की आपलं पहिल्यापासून सुरू करतं." आणि बापलेक जिना उतरले.

छोटूकाका रिकाम्या घरात उभे राहिले. पाणी प्यावंसं वाटलं, प्यायले नाहीत. खिडकीतून पाहिलं तर काकू बॅग ह्या हातातून त्या हातात घेत कोपऱ्याकडे चालल्या होत्या, आणि त्यांची पाठ छोटूकाकांनी इतक्या लांबून कधी पाहिलीच नव्हती. मग ते धावत सुटले. पायांत चष्मेवाल्याच्या चपला, बोटं बाहेर आणि टाचाही बाहेर. ह्या देहाला पळताना त्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. इस्त्रीवाल्याने गिऱ्हाईकाची विजार तशीच गरम इस्त्रीखाली ठेवून तोंडाचा आ केला.

कोपऱ्यावर त्यांनी गाठलं. बोलायला श्वास नव्हता, म्हणून नुसता हात पुढे केला आणि काकूंच्या हातातली बॅग घेतली. काकूंनी ती सोडली. मास्तरांनी बटण दाबून काटा थांबवला, आकडा बघितला आणि कुणाला सांगितला नाही.

छोटूकाकांना हायसं वाटलं. बॅग खांद्याला लावून, घामाघूम चेहऱ्याने ते घराकडे वळले.

"इकडे कुठे?" काकू म्हणाल्या. "स्टँड तिकडे आहे. चला."